कारखान्याचा पगार आणि घरातील विद्या

पोलाद कारखान्याच्या एखाद्या नगरीत लग्नाची बोलणी सुरू असतात, तेव्हा मुलीकडची वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न कोणता विचारतात? मुलगा काय शिकला आहे, हा प्रश्न नंतर येतो, कधी कधी येतच नाही. पहिला प्रश्न असतो, "मुलगा प्लांटमध्ये परमनंट आहे ना?" उत्तर 'हो' आले की बैठकीतील चेहरे सैल होतात. पगार किती, क्वार्टर मिळाले आहे का, आईवडिलांना दवाखान्याची सोय आहे का, एवढे विचारले की मुलाची परीक्षा संपली. तो हातातील काम समजून करतो की नुसती हजेरी लावतो, घरात काही वाचतो का, व्याजाने पैसे घेतो का, हे कोणी विचारत नाही.

यात मुलीच्या वडिलांचा फार दोष आहे असे नाही. ज्यांनी अनिश्चिततेत दिवस काढले त्यांनाच दर महिन्याच्या ठरलेल्या पगाराचे मोल कळते. परंतु या एका प्रश्नात धन आणि शिक्षण यांविषयीची आपली सारी समजूत सामावलेली आहे. आजच्या पाठात आपण तिचाच विचार करणार आहोत. कारखाना, कोळसा खाण, वीज केंद्र किंवा आयुध निर्माणी यांत नोकरी करणाऱ्या कुटुंबांसाठी हा पाठ विशेष आहे. इतरांनी तो आपापल्या घराला लावून पाहावा.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ शोधत शोधत ते विद्येच्या अभावापर्यंत नेऊन दाखवले. गाडगेबाबा तर कीर्तनातून गोरगरिबांना बजावत असत की पोटाला चिमटा घ्या, अंगावर साधे कपडे घाला, पण मुलांना शाळेत घाला. या थोरांचा हिशेब सरळ होता. विद्या आली तर धन येईल आणि विद्या नसेल तर असलेलेही जाईल. आपण सर्वजण हा हिशेब लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पण कारखान्यातील एखादा स्पष्टवक्ता कामगार उठून विचारतो, "साहेब, आमच्याकडे तर धन विद्येशिवायच आले. माझे वडील चौथी पास होते. त्यांनी क्वार्टरात संसार केला, गावाकडे पक्के घर बांधले, तीन मुलींची लग्ने केली. माझा चुलतभाऊ बी.ए. होऊन खाजगी शाळेत शिकवतो, त्याचा वर्षाचा पगार माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा. मग सांगा, विद्या मोठी की प्लांट?"

या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देऊन चालणार नाही. तो खरा आहे, आणि त्याच्यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

भिलाईचे उदाहरण घेऊ. १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन तेथे पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले. त्या काळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातील कितीतरी मराठी कुटुंबे पुढे नोकरीनिमित्त तेथे जाऊन स्थिरावली, ती आजही तेथे गणपती बसवतात. भिलाई, राऊरकेला आणि दुर्गापूर हे तीन सरकारी कारखाने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे मानबिंदू होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे, म्हणजे झोतभट्टीचे, उद्घाटन झाले.

ज्या गावांच्या जमिनी कारखान्यासाठी गेल्या, तेथील पुष्कळ लोक आरंभी नोकरीला जायला बिचकत होते. धगधगत्या भट्टीविषयी नाना अफवा होत्या. जे धीर करून गेले त्यांना शाळेचा दाखला फारसा कोणी विचारला नाही. अंगात ताकद आणि काम शिकण्याची तयारी एवढे पुरेसे होते. पुढे त्यांच्या नोकऱ्या कायम झाल्या, पगार वाढत गेले, दवाखाना, शाळा, वसाहत सारे मिळाले. शेजारच्या गावातील शिकलेला मास्तर सायकलवर राहिला आणि अंगठा लावणारा खलाशी स्कूटरवर आला. लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून निष्कर्ष काढला. लक्ष्मी शाळेच्या दारातून येत नाही, ती कारखान्याच्या गेटातून येते, हा तो निष्कर्ष होय. त्या पिढीपुरता तो बरोबरही होता.

जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून भिलाईत दीर्घकाळ राहून कामगारांच्या जीवनाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील लोक 'नौकरी' आणि 'काम' हे दोन शब्द किती काटेकोरपणे वेगळे ठेवतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. कारखान्यातील कायम माणूस 'नौकरी' करतो. त्याच्या शेजारी उभा राहून घमेले उचलणारा ठेकेदाराचा माणूस 'काम' करतो. घाम दोघांचाही गळतो. एकाला पगार, रजा, पेन्शन आहे, तर दुसऱ्याला रोजंदारी. या दुसऱ्या माणसाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

ऐंशीच्या दशकात या एका कारखान्यात साठ हजारांहून अधिक कायम कर्मचारी होते. आज ती संख्या निम्म्याहूनही कितीतरी कमी आहे. नवी यंत्रे आली, निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, पुष्कळसे काम ठेकेदारांकडे गेले. म्हणजे ज्या गेटातून आजोबांची लक्ष्मी आली ते गेट नातवासाठी फार अरुंद झाले आहे. आजोबांना ताकदीवर जे मिळाले त्यासाठी मुलाला आयटीआय किंवा डिप्लोमा करून लेखी परीक्षा द्यावी लागली. नातवाला तर त्याच परीक्षेत हजारोंशी सामना करावा लागतो. परिस्थिती अशी बदलली, पण घरातील समजूत मात्र आजोबांच्या काळचीच राहिली. संकट येथे आहे.

आता घराच्या आत जाऊन पाहू. पगारपत्रकाला दोन बाजू असतात. डाव्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, इतर भत्ते. उजव्या बाजूला कपात. गेटबाहेर आपण डाव्या बाजूची बेरीज सांगतो आणि जगतो उजव्या बाजूनंतर उरलेल्या रकमेवर. भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के कापले जातात, ते ठीकच आहे, ते आपलेच आहेत. त्याखालच्या ओळी वाचा. सोसायटीचे कर्ज, मोटारीचे कर्ज, सणाची उचल, लग्नासाठी काढलेले कर्ज, त्या कर्जाचे हप्ते जड झाले म्हणून काढलेले दुसरे कर्ज. कित्येक घरांत मोठ्या पगाराचा माणूस महिन्याच्या वीस तारखेला शेजाऱ्याकडे हातउसने मागतो.

वेतन करार झाला की मागील थकबाकी एकरकमी हातात येते. त्या आठवड्यात गाड्यांच्या दुकानदारांना कामगारांचा शोध घ्यावा लागत नाही. वर्षानुवर्षे थांबलेला पैसा आठ दिवसांत दारात उभा राहतो, चार चाकांवर. गाडी घेऊ नये असे कोणी म्हणत नाही. तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाने कुटुंबाला सुख द्यावे, यात पाप कसले? पण त्याच घरात मुलांसाठी टेबल-खुर्ची आहे का, पुस्तकांचे एक तरी फळीचे कपाट आहे का, आणि दूरदर्शन संच कोणत्या वेळी बंद होतो, हेही पाहावे लागेल.

सर्वांत करुण चित्र सावकारीचे आहे. औद्योगिक नगरांत आणि कोळसा पट्ट्यात व्याजाने पैसे देणारे लोक कामगाराचे पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःजवळ ठेवून घेतात. पगार जमा झाला की आधी सावकार काढतो, मग उरलेले मालकाच्या हाती टेकवतो. हा कामगार अडाणी नसतो बरे! तो दहावी-बारावी झालेला असतो, लाखो रुपयांचे यंत्र चालवतो. त्याला सांगितलेले असते, "शेकडा पाच." पाच हा आकडा लहान वाटतो. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार व्याज. वीस महिन्यांत पन्नास हजार व्याजापोटी जातात आणि मुद्दल जागच्या जागी उभे असते. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के. हे पाचवीचे गणित आहे. शाळेत ते आपण सोडवले, गुण मिळवले, आणि आयुष्यात ज्या दिवशी त्याची गरज पडली त्या दिवशी ते आठवले नाही. अशा शिक्षणाला काय म्हणावे? प्रमाणपत्र आपल्याजवळ आहे, विद्या नाही.

आता त्या स्पष्टवक्त्या कामगाराच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. बंधो, धन विद्येशिवाय येऊ शकते, हे तुझे म्हणणे मान्य. ते विद्येशिवाय टिकते का, एवढेच आता आपल्या घरात पाहा.

भर्तृहरीने नीतिशतकात धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत, दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि नीट भोगतही नाही, त्याचे धन तिसऱ्या वाटेने जाते. कारखान्याच्या वसाहतीत ही तिसरी वाट फार रुंद आहे. दारूचे दुकान तिच्या तोंडाशी आहे, मधे सावकार आहे, आणि निवृत्तीच्या वेळी दुप्पट पैसे करून देणारी कंपनी शेवटच्या वळणावर उभी असते.

या वाटेवरून माणसे मागे फिरू शकतात, आणि फिरली आहेत, याचे एक उदाहरण भिलाईपासून फार दूर नाही. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या खाणी दल्ली राजहरा येथे आहेत. तेथे हजारो मजूर ठेकेदारांच्या हाताखाली हाताने दगड फोडत. हे लोक मोठ्या पगाराचे नव्हते, उलट फार हलाखीत होते. १९७७ मध्ये त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभारली, मोठा त्याग करून मजुरी वाढवून घेतली. आणि मग नियोगी व त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट दिसली. वाढलेल्या मजुरीचा मोठा हिस्सा दारूच्या दुकानात चालला होता. लढा जिंकला होता, पण जिंकलेले घरापर्यंत पोहोचत नव्हते.

एखाद्याने म्हटले असते की मजुरी मिळवून देणे आमचे काम होते, ती कशी खर्चावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यांनी तसे म्हटले नाही. मजुरीच्या लढ्याइतक्याच गांभीर्याने त्यांनी दारूविरोधी मोहीम घेतली आणि तीत स्त्रिया आघाडीवर होत्या. मजुरांच्या वस्तीत मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. संघटनेतील एक स्त्री पदाधिकारी बाळंतपणात दगावल्या, तेव्हा आपला स्वतःचा दवाखाना हवा ही भावना तीव्र झाली. मजुरांनी वर्गणी काढली, सुटीच्या वेळी स्वतः विटा-माती वाहिली, आणि ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू झाले. १९७७ च्या गोळीबारात प्राण गमावलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ ते नाव ठेवले होते. त्या संघटनेच्या राजकीय विचारांशी कोणी सहमत असो वा नसो, येथे तो विषय नाही. विचार करा, हाताने दगड फोडणारी, बहुतांशी निरक्षर असलेली माणसे वाढलेल्या मजुरीतून दवाखाना आणि शाळा उभारतात. आणि आपण, ज्यांना दवाखाना व शाळा कारखान्याने आयती दिली, आपल्या वाढीव पगारातून काय उभारतो?

मुलांच्या शिक्षणावर आम्ही खर्च करतो, असे उत्तर येईल, आणि ते खोटे नाही. किंबहुना आजच्या कारखाना-कामगाराइतका मुलांच्या शिकवणीवर खर्च करणारा वर्ग क्वचितच सापडेल. भिलाईसारख्या नगरांतून मोठ्या संख्येने मुले अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षा देतात. तेथे २०१६ पासून आयआयटीही आहे. आठवीपासून कोचिंग, मग दोन वर्षे परगावी ठेवणे, त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून उचल. पित्याच्या या त्यागाला कमी लेखू नये. पण त्या त्यागात एक सूक्ष्म चूक मिसळलेली असते. ज्या रीतीने आपण गाडी विकत घेतो त्याच रीतीने मुलाचे शिक्षण विकत घेऊ पाहतो. रक्कम भरली, पावती घेतली, आता माल घरपोच यावा. आणि माल आला नाही की पोराला ऐकवतो, "तुझ्यावर इतके लाख घातले!" सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हे ओझे किती जड होते, हे कोट्याच्या वसतिगृहांतून आलेल्या दुःखद बातम्यांनी देशाला दाखवले आहे.

कोट्याचे नाव निघालेच आहे, तर ते गाव या टोकाला कसे पोहोचले हेही पाहू. कोटा हे मूळचे कारखान्यांचे शहर. तेथील जे. के. सिंथेटिक्स या मोठ्या कारखान्यात विनोद कुमार बन्सल नावाचे एक अभियंता १९७१ मध्ये नोकरीला लागले. पुढे त्यांना स्नायूंचा असाध्य आजार झाला, पाय निकामी होत गेले. नोकरी सांभाळून त्यांनी घरी जेवणाच्या टेबलाभोवती मुलांना गणित शिकवायला सुरुवात केली. १९८५ मध्ये त्यांचा पहिला विद्यार्थी आयआयटीत गेला. १९९१ मध्ये त्यांनी स्वतःचे वर्ग काढले. १९९७ मध्ये तो प्रचंड कारखाना बंद पडला, हजारो लोक बेकार झाले. ज्यांची भिस्त केवळ पगारावर होती त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. बन्सल यांच्याजवळ मात्र असे काही होते की जे कारखान्याच्या कुलपात अडकले नाही. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्या शहराची ओळखच बदलून गेली होती.

आज तेथे जो बाजार उभा आहे त्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. जेवणाच्या टेबलापासून त्या बाजारापर्यंतचा प्रवास हा विद्या पुन्हा वस्तू कशी बनते याचाच धडा आहे. आपण घ्यायचे ते टेबल. त्यासाठी एक पैसा लागत नाही. बाप पाळीवरून आला, आंघोळ करून मुलांजवळ बसला, त्यांच्या वहीत काय चालले आहे हे विचारले, स्वतःला समजत नसेल तर "मला समजावून सांग" म्हणाला, एवढे पुरे. मुलगी जेव्हा बापाला त्रिकोणाचे प्रमेय समजावते तेव्हा ते तिला दुप्पट समजते.

मुलीचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या घरांत मुलाच्या कोचिंगचा आणि मुलीच्या लग्नाचा असे दोन निराळे निधी असतात. लग्नाच्या निधीला कोणी हात लावत नाही. तिला डिप्लोमाला घालायचे म्हटले की पैशांची अडचण एकदम आठवते. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही, ज्याचे त्याला माहीत आहे.

आता सर्वांत अवघड विषय. मुलांच्या शिक्षणाविषयी आपण इतके बोललो, आपल्या स्वतःच्या शिक्षणाचे काय? नोकरी कायम झाली त्या दिवशी किती जणांनी शेवटचे पुस्तक मिटले? वीस वर्षे आपण एकच व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. तो का उघडायचा, त्याच्या पलीकडे काय आहे, दाब वाढला तर काय होईल, हे आपण कधी विचारले का? "आपल्याला काय करायचे, साहेब बघतील" हे वाक्य नम्रतेचे वाटते, पण ते आळसाचे आहे.

झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस काही कळण्याआधी कोसळतो. जून २०१४ मध्ये भिलाईत अशा वायूच्या गळतीत सहा जणांचे प्राण गेले, त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. वायू कोणाची श्रेणी किंवा पगार पाहत नाही. अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसासाठी शिक्षण ही शोभेची गोष्ट नाही. गॅस मॉनिटर का लावायचा, पडलेल्या सोबत्याला उचलायला तोंडाला नुसता रुमाल बांधून का धावायचे नाही, हे ज्याला कारणासहित समजले आहे तोच दुसऱ्याला वाचवू शकतो. सेफ्टीच्या वर्गात मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याने घरी मुलाला "लक्ष देऊन अभ्यास कर" असे कोणत्या तोंडाने सांगावे?

कामात अशी जिज्ञासा ठेवणारा कामगार घरातही बदलतो. तो कराराचा कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. विम्याच्या एजंटाला चार प्रश्न विचारतो. निवृत्तीच्या दिवशी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी अशी मोठी रक्कम एकाच वेळी हाती येते. ग्रॅच्युइटीची कायद्यातील कमाल मर्यादा २०१८ पासून वीस लाख रुपये आहे. ज्याने जन्मभर महिन्याच्या पगाराचा हिशेब ठेवला नाही त्याच्या हाती साठाव्या वर्षी एवढी रक्कम आली तर तिची गत काय होणार? त्याच महिन्यात क्वार्टर सोडायचे असते, आणि तिशीचा मुलगा अजून प्लांटच्या भरतीची वाट पाहत घरी बसलेला असतो. ही वेळ अकस्मात येत नाही. तिची तारीख नोकरीच्या पहिल्याच दिवशी सेवापुस्तिकेत लिहिलेली असते.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे येऊ, जो आपल्या शेजारी 'काम' करतो. त्याचा गेटपास वेगळा असतो. त्याच भट्टीची धग तोही सोसतो, बहुधा आपल्यापेक्षा जवळून, कारण धोक्याची आणि मळकट कामे हळूहळू त्याच्याकडे सरकली आहेत. त्याचा पगार आपल्या पगाराचा एक लहान अंश असतो. त्याचा पाय मोडला तर त्याच्या मुलीची शाळा सुटते. पूर्वी आपल्या आजोबांना ज्या अडचणी होत्या त्या आज त्याला आहेत. फरक इतकाच की आजोबांसाठी गेट उघडे होते.

आपले धन त्याच्याशी निगडित आहे, हे कबूल करायला मन तयार होत नाही. आम्ही परीक्षा देऊन लागलो, आमच्या नशिबाने मिळाले, असे आपण म्हणतो. पण जे काम पूर्वी आपण करत होतो ते तो कमी मोबदल्यात करतो, म्हणूनही आपली खुर्ची सावलीत आहे. त्याला वर्षातून एकदा दिवाळीला मिठाईचा पुडा देणे हे दान खरे, पण त्याच्या आयुष्यात त्याने काही हलत नाही. त्याच्या मुलांच्या शाळेची फी, पुस्तके, आणि पैशांहून महाग म्हणजे आपला वेळ, यांनी हलू शकते. वसाहतीत शिकलेली माणसे कमी नाहीत. पाळी सुटल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी चार जणांनी मिळून गेटाबाहेरच्या वस्तीत गणित आणि विज्ञान शिकवायला सुरुवात केली, तर खडू-फळ्यापलीकडे खर्च नाही. आपली मुले आणि त्यांची मुले एका सतरंजीवर बसली तर फार उत्तम. आपल्या मुलांना त्यातून जे कळेल ते कोणत्याही कोचिंगमध्ये शिकवले जात नाही. काही घरांतून विरोध होईल. "त्यांच्या पोरांत बसून आमची पोरे बिघडतील" असे कोणी म्हणेल. त्यांना आजोबांची आठवण करून द्यावी.

या महिन्याच्या स्वाध्यायासाठी एक साधी वही घ्यावी. पगार जमा झाल्यावर पती-पत्नी आणि समजत्या वयाची मुले यांनी एकत्र बसून पगारपत्रकाच्या दोन्ही बाजू मोठ्याने वाचाव्यात. मुलांपासून कर्ज लपवू नये; त्यांना ते तसेही माहीत असते. ज्या ज्या कर्जाचा दर महिन्याच्या हिशेबाने सांगितला आहे त्याचा वर्षाचा दर मुलांकडून काढून घ्यावा आणि वहीत लिहावा. जो सर्वांत जड असेल तो आधी फेडायचा, नवे घ्यायचे नाही. त्यानंतरच्या पानावर आपण रोज जे काम करतो त्यातील न समजणाऱ्या तीन गोष्टी लिहाव्यात आणि महिनाभरात त्या कोणाला तरी विचारून समजून घ्याव्यात. कनिष्ठाला विचारायला लाजू नये. नव्याने लागलेल्या डिप्लोमाच्या मुलाला पुष्कळ ठाऊक असते आणि त्याला विचारले तर आनंदच होतो.

पुढच्या बैठकीस येताना ही वही सोबत आणावी. हिशेबाची पाने कोणाला दाखवण्याची आवश्यकता नाही. शेवटच्या पानावर मात्र आपल्यासोबत काम करणाऱ्या एका कंत्राटी कामगाराचे नाव आणि त्याची मुले कोणत्या इयत्तेत आहेत हे लिहिलेले असावे. नाव ठाऊक नसेल तर उद्याच्या पाळीला त्याच्याशेजारी डबा खायला बसून विचारून घ्यावे.